काळ्या मांजराच्या माडीवर

१८९० सालचा जानेवारी. पॅरिसमध्ये, मोंमार्त्र टेकडीच्या उताराला, रू व्हिक्तोर-मासेवरच्या बारा नंबरच्या घरासमोर तुम्ही उभे आहात. थंडीनं कान बधिर झालेत. दाराशी कलाबतूचा डगला घातलेला भालदार. आत राजा वगैरे कुणी नाही, हा पिण्याचा अड्डा आहे. नाव ‘ल शा न्वार’, काळं मांजर.

पाऊल टाकताच लालसर दाढीचा मालक, रोदोल्फ सालिस, कमरेत वाकून तुम्हाला ‘युवराज’ करून टाकतो. फुशारू नका. तुमच्या मागून येणारा किराणा दुकानदारही इथे युवराजच, आणि थट्टेचे पैसे बिअरच्या बिलात दोघांकडूनही वसूल होणार. बिअर आणणाऱ्या वेटरच्या अंगावर हिरव्या कशिद्याचा कोट आहे, थेट फ्रेंच अकादमीच्या सभासदांचा. भाषेच्या त्या मानकरी रखवालदारांना सालिसनं ट्रे उचलायला लावलंय!

हा थाट १८८१ पासूनचा. तेव्हा बुलव्हार द रोशशुआरवर एक चिंचोळी जागा होती. कवी तिथे स्वतःच्या कविता म्हणत, चित्रकार भिंती रंगवत. जागा अपुरी पडली तशी १८८५ मध्ये सालिसनं रात्रीच्या वेळी वाजतगाजत मिरवणूक काढून बिऱ्हाड इथे हलवलं.

आता माडीवर चला. लवकर, नाहीतर उभं राहावं लागेल. धुरानं डोळे चुरचुरतात. अलीकडे एरिक साती नावाचा एक तरुण इथे पियानो वाजवतो. त्याच्या ‘जिम्नोपेदी’ या पियानोरचना पुढे जगभर ऐकल्या जातील, पण हे शेजाऱ्याला सांगू नका, हसेल.

दिवे मालवतात. समोर जेमतेम मीटरभर उंचीचा पांढरा पडदा. इथे आधी बाहुल्यांचा खेळ व्हायचा. कुणीतरी पोलिसांवरचं गाणं म्हणत असताना चित्रकार ऑंरी रिव्हिएरनं बाहुल्यांच्या चौकटीवर पांढरा रुमाल ताणला आणि मागून पुठ्ठ्याचे पोलीस चालवले. तिथून हे सावल्यांचं नाटक सुरू झालं, असं सांगतात. आता पुठ्ठ्याच्या जागी जस्ताचे कापीव पत्रे आलेत. पडद्याला टेकलेली आकृती काळीकुट्ट दिसते, मागे सरकवलेली राखाडी होते, म्हणून एवढ्याशा चौकटीत कोसभर खोली भासते. आकाशाचे रंग काचांवर रंगवलेले. मागे कामगारांची धांदल चाललीय, पण तिचा मागमूस तुमच्यापर्यंत येत नाही.

एरवी सालिस स्वतः निवेदन करतो, मंत्र्यांना चिमटे काढत. आजचा खेळ मात्र वेगळा, ‘ला मार्श आ लेत्वाल’, म्हणजे ताऱ्याकडची वाटचाल. संगीतकार जॉर्ज फ्राजरोल गातोय आणि एका ताऱ्याच्या मागे मेंढपाळ, सैनिक, गुलाम, कुष्ठरोगी बेथलेहेमकडे चाललेत. तासापूर्वी ज्या घरानं प्रत्येक मोठेपणाची टर उडवली, तिथेच येशूजन्माची ही गोष्ट सरळ, भाविकपणे सांगितली जाते आणि कुणी फिदीफिदी हसत नाही. मला विचाराल तर सालिसची खरी करामत हीच. पुढे सहा वर्षांच्या आत याच शहरात लुमिएर बंधू तिकीट लावून हलती चित्रं दाखवतील. पडद्यासमोर अंधारात बसायची सवय पॅरिसला इथे आधीच लागलीय.

बाहेर पडल्यावर झोप येत नसेल तर जुन्या जागेत डोकवा. तिथे आता गायक आरिस्तीद ब्र्यूआंचा ‘ल मिर्लितों’ हा अड्डा आहे. काळं मखमली जाकीट, लाल मफलर, आणि स्वागताला युवराज नाही, सणसणीत शिव्या. लोक त्यासाठीच येतात. सालिसची एक खुर्ची हलवाहलवीत इथेच राहिली. त्यानं मागितली तरी ब्र्यूआंनं परत दिली नाही. छताला टांगली आणि तिच्यावर गाणं रचून गिऱ्हाइकांकडून म्हणवून घेतलं.