खापर

मिरजोळे रत्नागिरीला खेटून. एका अंगाला एमआयडीसीच्या शेडा, दुसऱ्या अंगाला जांभ्याचे गडगे. अशा गावांतून मातीची भांडी चुलीवरून कधीच उतरली, पण खापर काही तोंडातून जात नाही. पाऊस लांबला, बस चुकली, आंबा गळला, की ते कुणाच्या तरी माथी फुटतंच.

आता प्रश्न असा, की फुटक्याला पुन्हा फोडायचं काय? खापर म्हणजे मडक्याचा तुकडा, हा अर्थ आज पहिला आठवतो, पण तेवढाच नाही. संस्कृतात कर्पर आणि खर्पर असे दोन जुळे शब्द आहेत. प्राकृतात खप्पर झालं, मराठीत जोडाक्षर सुटून मागचा स्वर लांबला आणि खापर उरलं. चक्र, चक्क, चाक ही वाट तीच. या शब्दांत वाडगा, मडकं, फुटका तुकडा आणि कवटी असे सगळे अर्थ नांदतात. म्हणजे खापर अख्खंही असतं. खानदेशात मांडे भाजतात ते चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर, आणि कोकणात नारळाच्या गोड रसात बुडवून खायची खापरोळी तर नावातच खापर घेऊन आली.

कवटीचा अर्थ मला जास्त गमतीचा वाटतो. संस्कृत कपाल म्हणजेही खापर आणि कवटी दोन्ही. त्याचंच आपलं कपाळ. लॅटिनमध्ये टेस्टा म्हणजे मातीचं भांडं, खापर. फ्रेंचांनी त्यातूनच डोक्यासाठी तेत हा शब्द केला. तेव्हा खापर डोक्यावर फोडताना आपण एका खापरावर दुसरं आपटत असतो.

खापरं जपून पाहणारी एक बाई अमेरिकेत होऊन गेली. ॲरिझोनातल्या हानो गावची नाम्पेयो, जन्म 1860च्या आसपास, मृत्यू 1942. तिचे तेवा पूर्वज सतराव्या शतकाच्या अखेरीस रिओ ग्रांदे नदीकडून होपी लोकांच्या शेजारी येऊन राहिले आणि भाषा त्यांनी सोडली नाही. जवळच्या सिक्यात्की या ओसाड गावाच्या खापरांवरची जुनी नक्षी नाम्पेयोने आपल्या भांड्यांवर आणली. 1895 साली तिथे फ्यूक्स या पुरातत्त्वज्ञाने उत्खनन केलं. श्रेय बराच काळ त्याच्याकडे जात राहिलं, पण तिचा हात त्याआधीच या नक्षीकडे वळला होता, असं पुढच्या अभ्यासकांनी दाखवलं.

तिथे चाक नाही. मातीच्या वळ्या एकावर एक चढवायच्या, सांधे बोटांनी मिटवायचे, दगडाने घोटायचं. भाजताना मेंढ्यांच्या वाळल्या लेंड्यांचा जाळ, आणि आच थेट लागू नये म्हणून भांड्यांवर आधीच्या फुटलेल्यांची खापरं झाकायची. आपल्याकडच्या कुंभाराला यात नवल वाटणार नाही. उघडा आवा रचताना तोही खापरांचं पांघरूण घालतो. आवा हा शब्द संस्कृत आपाकावरून आला. उतारवयात नाम्पेयोची दृष्टी गेली. तेव्हा ती हाताच्या अंदाजाने भांडी घडवी आणि रंगवायचं काम घरची माणसं करत.

तिच्या घराण्यात ही विद्या टिकली. डेक्स्ट्रा क्वोट्स्कुयवा ही तिची पणती. डेक्स्ट्राकडून शिकलेला तिचा भाचा लेस नमिंगा आज जुन्या पद्धतीने वळ्या चढवतो आणि वर कधी जुनी नक्षी, तर कधी थेट आधुनिक चित्रकलेतली अमूर्त रूपं रंगवतो. तो नाम्पेयोचा खापरपणतू.

नात्यात हे खापर शिरलं कसं? माझं अनुमान सांगतो, व्युत्पत्ती म्हणून कुणी वहीत उतरवू नये. खापरपणजोबाचं आपल्याकडे काय उरतं? नाव, एखादा किस्सा, क्वचित सातबाऱ्यावरची ओळ. अख्खं भांडं नाहीच, तुकडाच. पणतू मात्र सरळ आहे, संस्कृत प्रनप्तृवरून आलेला. दिव्याची पणती आणि ही नात्यातली पणती यांचा उच्चार जुळला, म्हणून खापरपणतीत मातीची दोन भांडी दिसतात. शब्दांना त्याची खबर नाही.