शिंगणापूरची वाट आणि फियाटचा किंगपिन

नगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर घोडेगावापाशी शनिशिंगणापूरचा फाटा फुटतो. उघड्या चौथऱ्यावरील कृष्णशिळेला तैलाभिषेक करण्यासाठी येणाऱ्यांत, ज्यांचे पोट वाहनावर आहे असे लोक आवर्जून असतात. लोह हा शनीचा धातू. शनिवारी लोखंड आणि तेल विकत घेऊ नये, ही वहिवाट अजूनही अनेक घरांत पाळली जाते. त्यामुळे शनिवारी दर्शनाला निघालेल्या गाडीच्या पुढच्या चाकाचा सांधा वाटेतच खिळखिळा झाला, तर सुटा भाग समोर दिसत असूनही तो आज घ्यावा की उद्या, असा पेच ज्या पिढीला पडे, त्या पिढीची गाडी म्हणजे फियाट.

या गाडीचे सुटे भाग पुढे गावोगाव मुबलक मिळू लागले, त्याचे मूळ एका सरकारी निर्णयात आहे. जनरल मोटर्सने 1928 साली मुंबईत शिवडीला गाड्या जुळवण्याचा कारखाना काढला होता. परंतु परदेशातून आलेले भाग येथे केवळ जुळवावेत, हा धंदा जकात आयोगाच्या शिफारशीनंतर, 1953-54 च्या सुमारास, बंद पडला. ज्यांना भाग येथेच घडवायचे नव्हते, ते निघून गेले. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने मात्र कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट 1100 घडविण्याचे पत्करले. माझ्या मते आपल्या मुलखातील सुट्या भागांच्या व्यापाराचा खरा पाया या सरकारी निर्णयाने घातला. कारण जी वस्तू येथे घडते, तिची दुरुस्ती आणि नक्कल करण्याचे कसबही तिच्याबरोबर येथेच रुजते.

फियाटच्या पुढच्या सस्पेन्शनची रचना त्या काळी नवी होती. मागे पाटे, पुढे मात्र प्रत्येक चाकाला स्वतंत्र कॉइल स्प्रिंग, वर-खाली दोन आर्म, आणि ज्याभोवती चाक वळते तो पोलादी किंगपिन. ग्रीस वेळेवर मारले नाही आणि शिंगणापूरच्या वाटेवरील, नेवासे तालुक्यातील चिखल-धूळ आत शिरली, की पिन आणि बुश दोन्ही झिजतात. झीज एकीकडून होत असल्यामुळे गोल भोक लंबगोल होते. गाडी जॅकवर घेऊन चाक वर आणि खाली धरून हलविले, की हाताला 'प्ले' कळतो. टायर एका बाजूने खाल्लेला आढळतो आणि ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरू लागते. जाणता कारागीर नवा बुश ठोकून बसवितो, आणि पिन अंगठ्याच्या दाबाने सरकेल, पण डुगडुगणार नाही, इतक्या बेताने त्याला रीमर मारतो. या एका क्रियेत घाई झाली, तर उत्तम माल आणूनही काम वाया जाते.

1964 साली 'डिलाइट' आणि 1974 पासून 'पद्मिनी' या नावाने ही गाडी चालू राहिली, आणि मुंबईच्या हजारो काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे तिच्या भागांना बारमाही मागणी राहिली. खासगी फियाटवाल्याला किंगपिन स्वस्त मिळे, तो या टॅक्सीवाल्यांच्या खपामुळे. हे ऋण मोकळेपणाने मान्य करावयास हवे. 2000 च्या सुमारास उत्पादन थांबले. 2008 मध्ये टॅक्सीचे वय 25 वर्षांवर आणि 2013 मध्ये 20 वर्षांवर आणण्यात आले, आणि 30 ऑक्टोबर 2023 रोजी शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली. त्याबरोबर दुकानांतील शिल्लकही आटत गेली.

आज ज्याला जुनी फियाट जपायची आहे, त्याने जुना भाग हातात घेऊनच चोर बाजार गाठावा, किंवा एखाद्या जुन्या दुकानदाराच्या फडताळातील पुडके उघडवावे. दिसण्यात सारखा असलेला भाग मापाने सारखा असेलच असे नाही, म्हणून मायक्रोमीटर जवळ असावा. स्प्रिंग तर नेहमी जोडीनेच घ्यावी, अन्यथा गाडी एका अंगाला कलते. भाग मिळालाच नाही, तर नगरच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर पिन घडवून घेता येते. मात्र तेथे मापाबरोबर पोलादाची जात आणि कठिणीकरणही सांगावे लागते, कारण मऊ पिन लवकर झिजते आणि गाभ्यापर्यंत कडक केलेली पिन खड्ड्यात आदळून मोडू शकते.