शस्त्रक्रियोत्तर वेदनामापन, प्रयोगशाळेतील प्राण्यांचे

शस्त्रक्रिया झालेल्या प्रयोगशाळेतील प्राण्याला किती वेदना होत आहेत, हे त्याचा चेहरा, हालचाली व नित्य वर्तन यांवरून पद्धतशीरपणे ठरवणे म्हणजे शस्त्रक्रियोत्तर वेदनामापन होय. इतरांचे भक्ष्य होणारे उंदरासारखे प्राणी आपला दुबळेपणा लपवतात, माणसाची चाहूल लागताच निश्चल होतात आणि निशाचर असल्याने दिवसा एरवीही झोपूनच असतात. त्यामुळे पिंजऱ्यात डोकावून केलेल्या ‘प्राणी शांत आहे’ या नोंदीवर विसंबता येत नाही. वजन व आहार यांतील घट मोजता येते खरी, पण ती तराजूवर दिसेपर्यंत तीव्र वेदनेचे तास बहुधा उलटून गेलेले असतात.

इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठात पॉल फ्लेकनेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर रॅट पाठीची कमान करतात, पोट आवळून अंग पिळवटतात, चालताना तोल सावरू शकत नाहीत, अशी क्षणभरच दिसणारी लक्षणे निश्चित केली. २०१० मध्ये कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जेफ्री मोगिल यांच्या गटाने उंदरांसाठी मुखमुद्राश्रेणी मांडली. तीत मिटत आलेले डोळे, फुगलेले नाक, फुगलेले गाल, मागे वळलेले कान आणि ताठरलेल्या किंवा गालाला चिकटलेल्या मिशा या पाच खुणांना प्रत्येकी ० ते २ गुण दिले जातात. पुढच्याच वर्षी रॅटसाठी केलेल्या श्रेणीत मात्र नाक व गाल फुगण्याऐवजी सपाट होतात असे आढळले, म्हणजे एका जातीचे निकष दुसरीला जसेच्या तसे लावता येत नाहीत.

हे गुण निव्वळ वेदनेचेच असतात असेही नाही. आयसोफ्लुरेन या भूल देणाऱ्या वायूमुळे काही उंदरांचे गुण वेदना नसतानाही वाढतात. उलट, निरीक्षक पुरुष असल्यास त्याच्या गंधाने निर्माण होणाऱ्या ताणामुळे वेदनेची चिन्हे दबतात, असे मोगिल यांच्याच गटाला २०१४ मध्ये आढळले. म्हणून प्रत्येक प्राण्याची शस्त्रक्रियेपूर्वीची स्थिती नोंदवणे अत्यावश्यक ठरते.

भारतात १९६० च्या प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायद्याने शस्त्रक्रियेचे प्रयोग शक्यतो भूल देऊन करण्याचे तत्त्व घालून दिले. परंतु प्राण्याची खरी परवड भूल उतरल्यावर सुरू होते, आणि तेव्हा गुण स्पष्ट नसले तरी वेदनाशामक रोखून धरणे समर्थनीय नाही. बुप्रेनॉर्फिन हे त्यासाठी सर्रास वापरले जाणारे औषध असले, तरी ते दिल्यावर काही रॅट पिंजऱ्यातला लाकडी भुसा खाऊ लागतात. अशा वेळी वजन घटले, तर ते वेदनेमुळे की औषधामुळे, हे वेगळे तपासावे लागते.