जीपचे इंजिन : पेट्रोलचे की डिझेलचे?

जुनी मोटार पुन्हा उभी करायची म्हटले की रंग कोणता द्यायचा, हूड कसले शिवायचे, यावर घरात चर्चा रंगते. खरा प्रश्न बॉनेटखाली असतो. इंजिन कोणते ठेवायचे? धाराशिव जिल्ह्यात जुनी गाडी म्हणजे बहुधा जीप. आमच्याही घरी आजोबांनी १९६८ मध्ये घेतलेली सीजे-३बी जीप आहे. तिच्यामुळे या इंजिनांचा इतिहास मला जवळून पाहावा लागला.

स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांतच महिंद्रा कंपनीने मुंबईत विलिस जीपची जोडणी सुरू केली. पुढे आपल्याकडे रुळलेली सीजे-३बी मूळची १९५३ मधली, अमेरिकेतली. तिचे बॉनेट उंच दिसते, त्याला कारण इंजिनच. महायुद्धातल्या जीपच्या ‘गो डेव्हिल’ इंजिनाचे सगळे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, बाजूला होते. ताकद ६० अश्वशक्ती. नंतरच्या ‘हरिकेन’ इंजिनात इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेले. इंजिन तेवढेच, २१९९ सीसीचे, पण ताकद सत्तरच्या वर गेली. उंची मात्र वाढली, म्हणून बॉनेटही उचलावे लागले. या जीपचा चेहरा असा तिच्या पेट्रोल इंजिनाने घडवलेला आहे.

मग डिझेल आले कुठून? १९७२ च्या दुष्काळात मराठवाडा होरपळला. खडी फोडण्याच्या, तलावाच्या कामांवर अधिकाऱ्यांच्या जीपगाड्या दिवसभर धावत. त्यानंतर वर्षभरातच, १९७३ मध्ये, अरब देशांनी तेल रोखले आणि पेट्रोलचे भाव भडकले. लिटरला आठ-नऊ किलोमीटर चालणारी जीप शेतकऱ्याला परवडेना. त्याच दशकात ट्रॅक्टरच्या घराण्यातले सुमारे २३५० सीसीचे डिझेल इंजिन कंपनीनेच जीपमध्ये बसवले. १९८० च्या दशकात इगतपुरीच्या कारखान्यात फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या परवान्याने ‘एक्सडीपी ४.९०’ हे २११२ सीसीचे डिझेल इंजिन बनू लागले. ४.९० म्हणजे चार सिलिंडर, ९० मिलिमीटर बोअर. मग जुन्या पेट्रोल जीपमध्येही डिझेल इंजिने चढू लागली. आमच्या जीपचे काम १९८४ मध्ये सोलापूरच्या एका गॅरेजात झाले. आरसी बुकावर तशी रीतसर नोंदही झाली.

हा बदल सोपा नव्हता. पेट्रोल इंजिनात हवा-इंधनाचे मिश्रण साधारण सात पट दाबले जाते, डिझेलमध्ये हवा वीस पटींहून जास्त. धक्के वाढतात, बॅटरी आणि स्टार्टर मोठे लागतात, चासीवरचे इंजिनचे पाय कापून नवे वेल्डिंग करावे लागते.

आता प्रश्न असा, की उतरवून ठेवलेले हरिकेन इंजिन पुन्हा बसवायचे का? ते जमण्यासारखे आहे. बोअरिंग करून स्लीव्ह टाकायच्या, क्रँक ग्राइंड करायचा, पिस्टन-रिंगा नव्या घालायच्या. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. ते जुन्या रबराला मानवत नाही आणि पाणीही ओढून घेते. म्हणून इंधनाच्या नळ्या व पंपाचा पडदा बदलावा लागेल.

धाकट्या भावाचे म्हणणे हेच आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते, ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर मिळतो. अट अशी, की चासी, बॉडी वा इंजिनात फेरफार झालेला नसावा. आमच्या जीपची चासी कापलेली, इंजिन बदललेले. जुने इंजिन बसवले तरी कापलेली चासी झाकून ‘मूळ’ म्हणायचे का, हा प्रश्न उरतोच. शिवाय व्हिंटेज गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही; प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची.

मला इथे इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एक सांगावेसे वाटते. गाडी कारखान्यातून निघाली तेवढाच तिचा इतिहास नसतो. या जीपने पेट्रोलवर १६ वर्षे काढली आणि डिझेलवर त्याच्या दुपटीहून जास्त. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. सास्तूर तेव्हा उमरगा तालुक्यात होते, आज ते लोहाऱ्यात आहे. तिथून जखमींना आणायला ही जीप कित्येक दिवस धावली, ती याच डिझेल इंजिनावर. ते काढून टाकले तर जीप देखणी होईल, पण जिल्ह्याने जी जीप पाहिली ती राहणार नाही.

ज्यांच्या गाडीचे मूळ इंजिन अजून जागेवर आहे आणि चासीला कोणी हात लावलेला नाही, त्यांनी ते इंजिनच दुरुस्त करावे. ‘जास्त ताकदीचे बसवा’ या सल्ल्याला भुलू नये. अशा गाड्या आता थोड्या उरल्या आहेत आणि एकदा कापलेले पोलाद पुन्हा अखंड होत नाही. आमच्या जीपपुरता निर्णय मात्र झाला आहे. डिझेल इंजिन राहील, व्हीए नंबर मिळणार नाही, दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागेल. हरिकेनमध्ये तेल घालून, तोंडे बंद करून ते स्टँडवर ठेवू. शेजारच्या पाटीवर १९६८ आणि १९८४ ही दोन्ही वर्षे लिहू.

(रेडिओवरील भाषणावरून संपादित)