गायक पक्ष्यांतील पिलांचे लिंग-गुणोत्तर

एका विणीत किंवा एका हंगामात जन्मलेल्या पिलांमधील नर-माद्यांचे प्रमाण. बहुतेक गायक पक्ष्यांत ते निम्मे-निम्मे असते. काही जातींत मात्र अन्नाची मुबलकता, वारा-पाऊस, परजीवी आणि विणीची वेळ यांनुसार ते एका बाजूला झुकते.

पक्ष्यांत नराची लिंगसूत्रे झेडझेड, तर मादीची झेडडब्ल्यू असतात. त्यामुळे पिलाचे लिंग आईच्या बीजातील सूत्रावर ठरते, आणि तेही बीज बीजकोशातून सुटण्याच्या काही तास आधी. कासवांप्रमाणे घरट्याच्या उष्णतेने ते ठरत नाही. हवामानाचा परिणाम होतो तो आईच्या मार्फत. तिचे शरीर हे नेमके कसे साधते याचा उलगडा अद्याप झालेला नाही. संप्रेरकांचा त्यात हात असावा, असे मानले जाते.

सर्वांत ठसठशीत उदाहरण सेशेल्स वटवट्याचे आहे. हिवाळ्यात महाराष्ट्रात येणाऱ्या ब्लिथच्या बोरू वटवट्याच्याच प्रजातीतला हा पक्षी 1960च्या दशकात हिंदी महासागरातील कझिन या चिमुकल्या बेटावर तीसहून कमी संख्येने उरला होता. 1968मध्ये बेट संरक्षणासाठी विकत घेतले गेले, नारळाची लागवड हटवून मूळची झाडी वाढू दिली गेली आणि वटवट्यांनी बेट भरून गेले. नव्या जोड्यांना हद्दी मिळेनात. तेव्हा तरुण माद्या आईबापांजवळच राहून पुढच्या पिलांना भरवू लागल्या. हद्द कसदार असेल तर अशी मदतनीस लेक उपकारक ठरते. हद्द निकृष्ट असेल तर तीच किडे खाऊन संपवते. हद्दीचा कस पानांवरच्या किड्यांवर अवलंबून असतो; आग्नेय वाऱ्यांबरोबर येणाऱ्या खाऱ्या तुषारांनी किनाऱ्यावरची पाने झडतात आणि तिथल्या हद्दी कंगाल होतात.

संशोधक यान कोमडूर व सहकाऱ्यांनी 1997मध्ये प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार, मदतनीस नसलेल्या जोड्यांच्या पिलांत निकृष्ट हद्दींत 77 टक्के नर होते, कसदार हद्दींत अवघे 13 टक्के. निकृष्ट हद्दीतील जोड्या आरिद बेटावरील समृद्ध झाडीत हलवल्यावर त्याच माद्यांना मुख्यतः मुली होऊ लागल्या. जागा बदलली आणि कल उलटला. नुसत्या निरीक्षणांपेक्षा या पुराव्याचे वजन कितीतरी जास्त आहे. शिवाय ही मादी एका वेळी बहुधा एकच अंडे घालते, त्यामुळे नको ती अंडी किंवा पिले मरू देऊन प्रमाण बदलते, हे स्पष्टीकरण येथे टिकत नाही.

हंगामाचा प्रभाव अमेरिकेतील हाऊस फिंचमध्ये दिसतो, मात्र येथे बदलतो तो अंड्यांचा क्रम. ॲरिझोनात हंगामाच्या उत्तरार्धात घरट्यांत रक्तशोषक माइट होतात आणि त्यांचा फटका नर पिलांना अधिक बसतो. त्या काळात माद्या नरांची अंडी शेवटी घालतात. नर घरट्यात कमी दिवस काढतात आणि अधिक वाचतात. मोंटाना व अलाबामा या भिन्न हवामानांच्या राज्यांतही हा क्रम परस्परविरुद्ध आढळला आहे: मोंटानात आधी माद्या, अलाबामात आधी नर.

ही उदाहरणे सरसकट सर्व गायक पक्ष्यांना लावता येत नाहीत. अनेक जातींवरील अभ्यासांचा 2004मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा पक्षिवर्गात असा सर्वसाधारण कल सिद्ध झाला नाही. थोडी घरटी तपासली की योगायोगानेही प्रमाण झुकलेले दिसते.