भूदृश्यरचनाकारांच्या संघटना, महाराष्ट्रातील

मोकळी जमीन, पाणी व वनस्पती यांची मानवी वापरासाठी योजनापूर्वक मांडणी करणाऱ्या व्यावसायिकांच्या संस्था. भूदृश्यरचनाकारास व्यवहारात ‘लँडस्केप आर्किटेक्ट’ असेच म्हटले जाते. उद्यानविद्येचा संबंध मुख्यत्वे झाडांच्या लागवडीशी व संगोपनाशी असतो. भूदृश्यरचनेत मात्र जमिनीचे उतार, पावसाच्या पाण्याचा निचरा, मातीचा कस, वाटा, भिंती, सावली आणि माणसांचा वावर या सर्वांचा एकत्र विचार होतो. झाड कोणते लावावे हा प्रश्न तीत बहुधा शेवटी येतो. हा भेद लोकांना व शासनाला पटवून देणे, हेच या संघटनांचे पहिले व अद्यापि अपुरे राहिलेले कार्य होय.

या व्यवसायाची पहिली मोठी संघटना ‘अमेरिकन सोसायटी ऑफ लँडस्केप आर्किटेक्ट्स’ ही होय. ती १८९९ मध्ये न्यूयॉर्क येथे अकरा सदस्यांनी स्थापन केली. त्यांत बीअट्रिक्स जोन्स (पुढे फॅरंड) ही एकच स्त्री होती. ब्रिटनमधील संस्था १९२९ मध्ये निघाली. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४८ मध्ये केंब्रिज येथे आंतरराष्ट्रीय महासंघाची स्थापना झाली व सर जेफ्री जेलिको हे त्याचे पहिले अध्यक्ष झाले. भारतात अशी संघटना निघण्यास त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षे लागली.

पूर्वपीठिका : महाराष्ट्रात भूदृश्यरचनेची परंपरा जुनी असली, तरी तिचे कर्ते बहुतांशी अनामिक राहिले. अहमदनगरचा तळ्याच्या मध्यभागी उभारलेला फराहबाग (१५८३), औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथील मलिक अंबरची नहर, बीबी-का-मकबऱ्याची चारबाग पद्धतीची बाग आणि नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावापासून पुण्यात आणलेले भुयारी नळ या सर्वांत पाणी हाच रचनेचा मूलाधार आहे. उताराचा अभ्यास करून पाणी आधी आणावयाचे आणि मग त्याभोवती बाग वसवावयाची, असा क्रम त्यांत दिसतो. आधुनिक काळात हा क्रम उलटला.

संघटित स्वरूपाचा पहिला प्रयत्न म्हणून १८३० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ या संस्थेचा निर्देश करावा लागतो. ती व्यावसायिकांची संघटना नव्हती; अधिकारी, व्यापारी व हौशी वनस्पतिप्रेमी यांचे ते मंडळ होते. उपयुक्त पिके व फळझाडे यांचा प्रसार हा तिचा मुख्य हेतू. संस्थेची बाग प्रथम शिवडी येथे होती. ती जागा पुढे दफनभूमीसाठी घेण्यात आली आणि भायखळ्याजवळ नवी बाग आखण्यात आली. ‘व्हिक्टोरिया गार्डन्स’ या नावाने ती १९ नोव्हेंबर १८६२ रोजी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते खुली झाली. तिच्या उभारणीत डॉ. जॉर्ज बर्डवुड यांचा मोठा वाटा होता व शेजारच्या वस्तुसंग्रहालयाच्या कार्यात डॉ. भाऊ दाजी लाड त्यांच्या बरोबरीने होते. संस्थेला आर्थिक भार झेपेना, तेव्हा १८७३ मध्ये बाग नगरपालिकेकडे गेली. मुंबईकर तिला राणीचा बाग म्हणून ओळखतात; अधिकृत नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असे आहे.

या बागेच्या इतिहासाला येथे वेगळे महत्त्व आहे. मूळची ती वनस्पतिउद्यान म्हणून आखलेली. प्राणिसंग्रहालय तीत १८९० च्या सुमारास आले व हळूहळू लोकांच्या मनात तेच मुख्य होऊन बसले. २००७ मध्ये महानगरपालिकेने परदेशी सल्लागाराकरवी प्राणिसंग्रहालयाच्या पुनर्विकासाचा प्रचंड खर्चाचा आराखडा पुढे आणला, तेव्हा जुन्या वृक्षराजीचे काय होणार, असा प्रश्न काही नागरिकांनी, विशेषतः वनस्पतींच्या अभ्यासक स्त्रियांनी उपस्थित केला. बागेतील एकेका झाडाची नोंद करण्यात आली. तीन हजारांहून अधिक वृक्ष व त्यांतील कित्येक शहरात अन्यत्र न आढळणाऱ्या जातींचे, ही वस्तुस्थिती तीमुळे कागदावर आली. मूळ आराखडा त्या स्वरूपात अंमलात आला नाही. पुढे मर्यादित कामे झाली व २०१७ मध्ये पेंग्विन कक्ष उघडला. एखाद्या जागेचे रक्षण करावयाचे, तर तीत काय आहे याची मोजणी आधी हवी, हा धडा या चळवळीने व्यावसायिकांनाही दिला. खरे तर ते काम व्यावसायिकांनी आधी करावयास हवे होते.

त्याच नावाची कृषि-उद्यान संस्था पुण्यात एम्प्रेस गार्डनची व्यवस्था पाहते आणि तिचे जानेवारीतील पुष्पप्रदर्शन लोकप्रिय आहे. शहररचनेच्या दृष्टीने पाहता मुंबई इलाख्याचा १९१५ चा नगररचना अधिनियम हा या विषयावरील देशातील पहिला कायदा. पाठोपाठ पॅट्रिक गेडीस हे १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. नदी, डोंगर व वस्ती यांचा एकत्र अभ्यास करण्याची त्यांची दृष्टी भूदृश्यरचनेस अत्यंत जवळची होती. परंतु ते १९२४ मध्ये परतले आणि तिच्यातून येथे स्वतंत्र व्यवसाय उभा राहिला नाही. बागांचे काम नगरपालिकांच्या उद्यान विभागांकडे व माळीवर्गाकडे राहिले.

शिक्षण व संघटना : १९७२ हे वर्ष दोन कारणांनी ध्यानात घेण्याजोगे आहे. त्या वर्षी दिल्लीच्या नियोजन व वास्तुकला विद्यालयात भूदृश्यरचनेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला आणि त्याच वर्षी संसदेने वास्तुविशारद अधिनियम संमत केला. या अधिनियमाने वास्तुविशारदांची नोंदवही व परिषद अस्तित्वात आली. भूदृश्यरचनाकारांची तशी नोंद करण्याची तरतूद मात्र त्यात नव्हती. अहमदाबाद येथे पुढे या विषयाचे दुसरे महत्त्वाचे केंद्र झाले. तेथे प्रभाकर भागवत यांनी व्यवसाय व अध्यापन या दोन्ही क्षेत्रांत पायाभूत काम केले. महाराष्ट्रात पुण्याच्या भानुबेन नानावटी महिला वास्तुकला महाविद्यालयाने पदव्युत्तर शिक्षणाची सोय केली. वास्तुकलेची पदवी आणि त्यावर दोन वर्षांचे भूदृश्यरचनेचे शिक्षण हा या व्यवसायात येण्याचा येथील रूढ मार्ग आहे.

‘इंडियन सोसायटी ऑफ लँडस्केप आर्किटेक्ट्स’ ही अखिल भारतीय संघटना २००३ मध्ये स्थापन झाली. ती आंतरराष्ट्रीय महासंघाशी संलग्न असून मुंबई व पुणे येथे तिच्या प्रादेशिक शाखा आहेत. व्याख्याने, स्थळभेटी, वार्षिक परिषद, विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांना पारितोषिके व प्रदर्शने हे तिचे नित्याचे उपक्रम होत. सदस्यसंख्या वास्तुविशारदांच्या तुलनेने फार थोडी असल्याने शाखांचे काम बहुधा मोजक्या कार्यकर्त्यांच्या स्वयंस्फूर्त श्रमांवर चालते.

संघटनेची सर्वांत जुनी मागणी वैधानिक मान्यतेची आहे. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये असा निर्णय दिला, की १९७२ च्या अधिनियमाने ‘वास्तुविशारद’ या अभिधानास संरक्षण मिळते, वास्तुकलेच्या व्यवसायास नव्हे. भूदृश्यरचनाकारांना तर अभिधानाचेही संरक्षण नाही. परिणामी रोपवाटिकेचा मालक, ठेकेदार किंवा अंतर्गत सजावटकार कोणीही हे नाव लावू शकतो. मोठ्या बांधकामांना पर्यावरणविषयक पूर्वमंजुरीची आवश्यकता २००६ च्या अधिसूचनेपासून पक्की झाली व अशा प्रस्तावांसोबत मोकळ्या जागेचा आणि वृक्षांचा आराखडा जोडला जाऊ लागला. त्यामुळे कामे वाढली. पण तो आराखडा कोणी करावा याचे बंधन नसल्यामुळे पुष्कळदा तो झाडांच्या यादीपुरता उरतो.

कार्यातील अग्रक्रम : वृक्षांच्या बाबतीत ‘महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५’ हा मूलभूत कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडास ‘वारसा वृक्ष’ मानले गेले आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी झाडे लावण्याचे बंधन आले. तरतूद चांगली आहे. तथापि शंभर वर्षांच्या एका वडाच्या जागी शंभर रोपे लावण्यासाठी शहरात भूमी कोठून आणावयाची, याचे उत्तर कायद्यात नाही. ते आराखड्यातच शोधावे लागते. आरे येथे ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली, तेव्हा झालेल्या वादातही पर्यायी जागेचा प्रश्न निर्णयाच्या अगदी शेवटी चर्चेत आला होता.

कोणती झाडे लावावीत, यासंबंधी मतभेद आहेत. गुलमोहर मादागास्करचा, तर पर्जन्यवृक्ष व गिरिपुष्प अमेरिका खंडातील. लवकर वाढतात म्हणून ती रस्त्याकडेला व टेकड्यांवर सरसकट लावली गेली. मुंबईतील पर्जन्यवृक्ष पिठ्या ढेकणाच्या उपद्रवाने मोठ्या संख्येने वाळले, तेव्हा एकाच जातीवर विसंबण्याचा धोका उघड झाला. करंज, बहावा, ताम्हण, काटेसावर, कुसुंब, वावळ या देशी वृक्षांकडे व्यवसायाचा कल वाढला आहे. रोपवाटिकांत ती पुरेशा आकाराची मिळत नाहीत, ही मोठी अडचण. बुंध्याभोवती थेट काँक्रीट ओतण्याची पद्धत हा आणखी एक जाच. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीच्या संदर्भात बुंध्याभोवतीची एक मीटर जागा मोकळी ठेवण्याचा आदेश दिला. महाराष्ट्रातील शहरांतही या आदेशाचा आधार घेतला जातो.

टाकाऊ जागेचे पुनरुज्जीवन करता येते, याचे राज्यातील ठळक उदाहरण माहीमचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान हे आहे. मिठी नदीकाठची सुमारे ३७ एकरांची ही जागा म्हणजे शहराची कचराभूमी होती. १९८३ पासून तेथे झाडे लावण्यास आरंभ झाला, पक्षितज्ज्ञ सलीम अली यांचा त्यात सहभाग होता, आणि १९९४ मध्ये उद्यान लोकांसाठी खुले झाले. कचऱ्यावर माती पसरून तेथे अरण्यसदृश रचना उभी राहिली. याउलट पुण्यातील पु. ल. देशपांडे उद्यान (२००६) जपानमधील ओकायामाच्या बागेच्या धर्तीवर काटेकोर रेखलेले आहे. दोन्ही बागा लोकांना आवडतात. देखभालीचे स्वरूप मात्र अगदी भिन्न आहे.

पाणी हा विषय २६ जुलै २००५ नंतर अग्रभागी आला. त्या दिवशी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस झाला. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने नदीपात्रातील भराव व अडविलेले प्रवाह यांकडे लक्ष वेधले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटीच्या तोडीस मनाई केली. २०१८ मध्ये अंतिम निर्णयाने ती कायम झाली. पुण्यात मुळा-मुठा नदीकाठ सुधारणेचा ४४ किमी. लांबीचा प्रकल्प २०२२ पासून वादग्रस्त ठरला आहे. काठ बांधून काढल्याने पूरवहनक्षमता घटेल व काठावरची जुनी झाडी जाईल, असे विरोधकांचे म्हणणे. गलिच्छ काठ लोकांना वापरता येईल, असे समर्थकांचे. या प्रकल्पावर भूदृश्यरचनाकारांतही एकमत नाही, आणि काही सदस्य अशाच प्रकारची कामे करीत असल्याने संघटनेची भूमिका सावध राहते. व्यावसायिक संघटनेची ही मूलभूत अडचणच आहे : ज्यांच्याकडून काम मिळावयाचे, त्यांच्याच आराखड्यावर मत द्यावयाचे असते.

वळ व भिवंडीचा परिसर : ठाणे जिल्ह्यातील भिवंडी तालुक्याचा इतिहास भात, गवत व यंत्रमाग यांच्याशी निगडित आहे. वळ, रहनाळ, पूर्णा, दापोडे, काल्हेर या गावांच्या पट्ट्यात मुंबईच्या जकात हद्दीबाहेरची, पण शहरास लागून असलेली जमीन म्हणून गोदामे उभी राहू लागली. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला व जकात गेली, तरी गोदामे कमी न होता वाढलीच. महामार्गांचे सान्निध्य व मोठ्या बाजारपेठेची जवळीक ही कारणे कायम होती.

भातखाचर हे स्वतःच एक भूदृश्य आहे. बांध घालून पाणी थोपवावयाचे, एका खाचरातून दुसऱ्यात उतरवावयाचे व शेवटी ओढ्याला, ओढ्यातून खाडीला सोडावयाचे, अशी ती शतकानुशतके बसलेली व्यवस्था. पावसाळ्यात येथे दोन हजार मिमी.पेक्षा अधिक पाऊस पडतो. खाचरावर मुरुमाचा भराव घालून जोते उंच केले, की शेजारचे खाचर आपोआप खोलगट ठरते व पाणी तेथे साचते. मग तेही विकून भरले जाते. पत्र्याचे छप्पर व काँक्रीटचे अंगण यांवरून पाणी मुरण्यास वाव नसतो. गोदामांच्या रांगांत मालमोटारींना वळण्यापुरती जागा सुटते. बांधावरचे आंबे, भेंडी, करंज मात्र राहत नाहीत.

या भागातील ६० गावांसाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची २००७ मध्ये विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नियुक्ती झाली. तोवर बरीच बांधकामे झालेली होती व अनधिकृत गोदामांचा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. राज्याच्या मोठ्या भागास २०२० अखेर लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार चार हजार चौ. मी. व त्याहून मोठ्या भूखंडात दहा टक्के मोकळी जागा ठेवावी लागते. ती कोठे ठेवावी, यालाच येथे महत्त्व आहे. प्रत्येक भूखंडाच्या कोपऱ्यात तुकडा सोडण्याऐवजी ओढ्याकाठची सलग पट्टी राखली, तर पाण्याचा मार्ग, सावली व गावकऱ्यांची वाट ही तिन्ही टिकू शकतात. त्यासाठी भूखंडनिहाय नव्हे, तर ओढ्याच्या पाणलोटानुसार आराखडा हवा व तो बांधकामापूर्वी हवा. भूदृश्यरचनाकारास बोलावणे येते, ते मात्र इमारत पुरी झाल्यावर, प्रवेशद्वाराजवळ हिरवळ व शोभेचे ताड लावण्यासाठी.