स्क्रबिंग (सेफ प्रणाली)

सेफ या मुक्तस्रोत वितरित साठवण प्रणालीत विदेच्या प्रती परस्परांशी ताडून बिघाड शोधण्याची प्रक्रिया.

सेफचा उगम कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ शाखेत सेज वाइल यांच्या संशोधनातून झाला. त्यावरील शोधनिबंध २००६ मध्ये प्रसिद्ध झाला (पहा : वितरित संगणन).

साधे स्क्रबिंग सहसा रोज होते आणि प्रतींचे आकार व गुणधर्म जुळवते. सखोल स्क्रबिंग साधारणतः आठवड्यातून एकदा सगळी विदा वाचून चेकसम पडताळते (पहा : चेकसम). तफावत आढळली की त्या विदेचा प्लेसमेंट ग्रुप (पीजी; एकत्र साठवलेल्या विदाघटकांचा गट) ‘इनकन्सिस्टंट’ ठरतो. कोणती प्रत बिघडली, त्या डिस्कच्या नोंदींत वाचनत्रुटी आहेत का, हे आधी पाहतात. मगच ‘सेफ पीजी रिपेअर’ ही आज्ञा देतात.

डिस्कवर नकळत बदललेला बिट चांगल्या प्रती शिल्लक असतानाच सापडतो, हे याचे महत्त्व. वाचनाचा ताण टाळण्यासाठी स्क्रबिंगचे तास रात्रीपुरते ठरवता येतात.